क्यू आहे, यू नाही

या शहराचे नाव इंग्रजीत बँगलोर असे लिहीत, तेव्हा त्यात यू हे अक्षर एकदाही येत नव्हते. १ नोव्हेंबर २०१४ पासून ते अधिकृतपणे बेंगळुरू झाले आणि एकदम दोन यू त्याच्या पदरात पडले. अशा शहरात बसून यूला डावलणाऱ्या शब्दांची पुस्तिका काढायची म्हणजे थोडा आगाऊपणाच. तो वाचकांनी खपवून घ्यावा.

इंग्रजी स्पेलिंगचे बहुतेक नियम अपवादांनी पोखरलेले असतात. शाळेत शिकवलेला एकच नियम पक्का वाटायचा: क्यूच्या मागोमाग यू येतोच. क्वीन, क्विक, क्वेश्चन, इक्वल, कुठलाही शब्द काढा. या पुस्तिकेत त्या नियमाला न जुमानणारे शब्द अर्थासह एकत्र केले आहेत. अट एवढीच की क्यूच्या लगेच पुढे यू नसावा. शब्दात अन्यत्र तो असला तर हरकत नाही. म्हणून बुरखा आत आला. त्याचे स्पेलिंग बी-यू-आर-क्यू-ए असे आहे, यू आहे पण चुकीच्या बाजूला.

असले शब्द कोणाला लागतात? सर्वांत आधी स्क्रॅबल खेळणाऱ्यांना. बंगळुरातल्या मराठी घरांमध्ये हा खेळ मी पुष्कळदा मांडलेला पाहिला आहे, विशेषतः मुलांची शाळा इंग्रजी आणि आजी-आजोबांचे वाचन मराठी असते अशा घरांत. खेळात एकूण १०० टाइल, त्यांतल्या दोन कोऱ्या. ई बारा, यू चार आणि क्यू एकच. हा खेळ न्यूयॉर्कच्या आल्फ्रेड बट्स या वास्तुविशारदाने मंदीत नोकरी गेल्यावर तयार केला. कोणते अक्षर किती वेळा येते हे त्याने वर्तमानपत्रांतली अक्षरे मोजून ठरवले. १९४८ मध्ये जेम्स ब्रुनोने खेळाला आजचे नाव दिले. क्यू दुर्मीळ म्हणून त्याला दहा गुण. ते दहा गुण हातात आल्यावर आधी आनंद होतो, मग चारही यू बोर्डावर दुसऱ्यांच्या शब्दांत जाऊन बसतात आणि क्यू तसाच राहतो. डाव संपताना तो हातात उरला तर आपले दहा जातात आणि ज्याने टाइल संपवल्या त्याला तेच दहा मिळतात. वीस गुणांचा फरक! तेवढ्यावर डाव फिरतात.

तेव्हा ही पुस्तिका खेळाडूंच्या सोयीसाठी सुरू झाली, हे खरे. पण शब्द जमवता जमवता माझ्या लक्षात आले की त्यांतले निम्मे शब्द इंग्रजीत अनोळखी आणि मराठीत घरचे आहेत. इंग्रजी माध्यमातली मुले ज्या शब्दांपुढे अडतात ते त्यांच्या आजीला अर्थासकट माहीत असतात. फक्त ते इंग्रजीत जाऊन बसलेत याची तिला कल्पना नसते. प्रस्तावना लिहायला बसलो ती या गोष्टीसाठी.

आधी यू कुठून आला ते थोडक्यात पाहू. फिनिशियन लिपीत क्यूच्या पूर्वजाचे नाव कोफ. हिब्रूत ते अक्षर आजही आहे, अरबीत त्याचा भाऊ काफ. ग्रीकांना तो आवाज वेगळा काढायची गरज नव्हती. त्यांनी अक्षर सोडून दिले आणि ९० हा आकडा लिहिण्यापुरते ठेवले. एट्रुस्कनांकडून रोमनांकडे ते आले तेव्हा यूची जोडी लागलेली होती. जुन्या इंग्रजीत मात्र क्यूची गरज भासत नसे. राणी हा शब्द तेव्हा सी-डब्ल्यू-ई-एन असा लिहीत. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले, लेखनिक त्यांचे आले आणि त्यांनी फ्रेंच वळणाने क्यू-यू लिहायला सुरुवात केली. म्हणजे शाळेत ज्याला नियम म्हणून पाठ केले, ती नॉर्मन कारकुनांची सवय. गंमत अशी की क्यूच्या त्या मूळ पूर्वजाचे नाव इंग्रजी कोशात क्यू-ओ-पी-एच असे आहे, आणि त्यात यू नाही. आमच्या यादीत ते आहे.

आता आजीचे शब्द. अरबीतला काफ हा पडजिभेजवळून काढायचा क आहे. साधा क वेगळा, त्याचे अक्षरही वेगळे. किताबमधला क साधा, कलममधला पडजिभेचा. मराठीने दोघांनाही एकाच क मध्ये बसवले. आपल्याकडे नुक्त्याची पद्धत रुजली नाही आणि त्यावाचून काही अडलेही नाही. त्यामुळे आपण हा आवाज किती वापरतो याचा आपल्यालाच पत्ता नसतो. कायदा, किंमत, कर्ज, कबूल, कैद, कत्तल, कसाई, किस्सा, अक्कल, नक्कल, फरक, बाकी, हक्क, मुक्काम, ताकद, लायक आणि नालायक, सगळ्यांत काफ. कुलूपसुद्धा अरबी कुफ्लचा मराठी अवतार; फ आणि ल यांनी जागा बदलल्या आणि फचा प झाला. मोल्सवर्थच्या कोशात, पहिली आवृत्ती १८३१ आणि दुसरी १८५७, अशा शब्दांपुढे मूळ भाषेची खूण केलेली असते. माधव ज्यूलियन म्हणजे माधवराव पटवर्धन यांचा फार्शी-मराठी कोश १९२५ चा. हे दोन कोश शेजारी ठेवून इंग्रजी शब्दांची यादी वाचली तर ओळखीचे चेहरे भराभर दिसू लागतात.

इंग्रजीत काझी क्यू-ए-डी-आय असा आहे. फकीर एफ-ए-क्यू-आय-आर. नकाब, तलाक, वक्फ, कव्वाली, कोर्मा हे आहेतच. इन्किलाबही आहे, क्रांती या अर्थाने आणि आपल्या उपखंडाचा म्हणून. माझा सर्वांत लाडका शब्द मात्र मुकादम: एम-यू-क्यू-ए-डी-डी-ए-एम. ज्याला पुढे केले आहे तो, असा मूळ अर्थ. बोर्डावर एकाच चालीत सातही टाइल वापरल्या तर ५० गुण जास्तीचे मिळतात. हा आठ अक्षरी शब्द बोर्डावरच्या एखाद्या अक्षराला धरून लागला तर खेळाडू हर्षभरित होतो. पण बीडकडच्या माणसाला मुकादम म्हटले की उसाच्या फडावर टोळी नेणारा, उचल वाटणारा माणूस आठवणार, आणि जुनी कागदपत्रे वाचणाऱ्याला मोकदम म्हणजे गावचा पाटील. इंग्रजी कोश एका ओळीत प्रमुख म्हणून मोकळा होतो. तिथे मराठी अर्थ जास्त दिला आहे, तो मुद्दाम.

तालुकदारही असाच. इंग्रजीत तो अवधच्या जमीनदारांमुळे गेला. मूळ शब्दाचा अर्थ संबंध, ताबा. आपण त्यातून तालुका घेतला, कन्नडने ताल्लूकु घेतला. बंगळुरात नव्याने राहायला आलेल्या मराठी माणसाला कन्नड पाट्या वाचता येत नाहीत, पण कोणी वाचून दाखवल्या तर ताल्लूकु कचेरी, हक्कु पत्र, बाकी, नकलु, वकील एवढे तरी पहिल्याच आठवड्यात कळते. तो त्यांना कन्नडचे मराठीसारखे शब्द समजतो, आणि कन्नड माणूस मराठीत ते ऐकतो तेव्हा उलट समजतो. दोघांच्याही घरी ते एकाच दफ्तरातून आले. विजापूरच्या आदिलशाहीत पुष्कळसे लिहिणे फारसीत चाले, आणि त्या फारसीत अरबी काफ ठासून भरलेला. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाने केंपेगौडांच्या वंशजांकडून बंगळूर जिंकले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. म्हणजे मराठी आणि कन्नड मुलूख एका कारभाराखाली याच गावात नांदत होते, आणि त्या कारभाराची भाषा काझी, कौल, मुक्काम आणि मोकदम अशा शब्दांनी बोलत होती. शहाजीराजांच्या दरबारी जयराम पिंड्ये याने राधामाधवविलासचंपू लिहिला त्यात अनेक भाषा आहेत. या शहरात एका भाषेवर भागत नाही ही तक्रार आजची नव्हे.

पुढे शिवाजीमहाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला. रघुनाथपंडितांनी कारभारातल्या यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. अष्टप्रधानांत वाकनीस मंत्री झाला. वाकनीस म्हणजे घडलेल्या गोष्टींची नोंद ठेवणारा. त्याच्याही पोटात काफ आहे. पदाचे नाव बदलले तरी वाकनीस आडनाव म्हणून टिकले, आणि किल्ला तर दुर्गाला शेजारी बसवून घेऊन आजही उभा आहे. कोशकाराने हुकूम काढला म्हणून शब्द जात नाहीत, आणि कोशात घातले म्हणून येतही नाहीत. ही पुस्तिका काढणाऱ्याने तरी हे विसरू नये.

बुरख्याबद्दल एक शंका नोंदवतो. मूळ शब्दात काफ असताना मराठीत ख कसा? हैदराबादेपासून बंगळुरातल्या शिवाजीनगरपर्यंत दख्खनी बोलणारे लोक काफचा उच्चार खकडे झुकवतात; वक्तचे वखत होते, करीबचे खरीब. खेड्यातले मराठी लोकही वखत म्हणतात. मला वाटते बुरख्यातला ख आपण कागदावरून घेतला नाही, शेजाऱ्याच्या तोंडून ऐकून घेतला. भाषाशास्त्रज्ञांनी यावर माझा कान पकडला तर पकडू द्या.

हेच शब्द कंपनीच्या काळातले इंग्रज ऐकले तसे लिहीत. यूल आणि बर्नेल यांचा १८८६ चा हॉब्सन-जॉब्सन हा कोश उघडला तर काझी सीच्या खाली सापडतो, क्यूच्या खाली नाही. फकीर तर इंग्रजीत के घालूनही लिहितात, क्यू घालूनही लिहितात आणि क्यूच्या पुढे यू घालूनही लिहितात. एकट्या क्यूचे लेखन रुळले ते अरबी अक्षरन्‌अक्षर रोमन लिपीत उतरवण्याची पंडितांना गरज वाटू लागल्यावर. त्यांनी काफला क्यू दिला आणि साध्या कला के.

यादीतला एक शब्द मराठी वाचकाला हमखास फसवतो: क्यू-ए-एन-ए-टी. आपल्याला तंबूची कनात आठवते. इंग्रजीतला हा शब्द वेगळा आहे. डोंगराच्या पायथ्याशी भूगर्भातले पाणी लागेपर्यंत एक खोल विहीर खणायची, तिथून अगदी हलका उतार देत जमिनीखालून बोगदा न्यायचा, आणि ठरावीक अंतरावर उभी भोके ठेवायची. त्यांतून माती काढता येते, हवा खेळते, दुरुस्तीला माणूस उतरू शकतो. पंप नाही, मोट नाही. पाणी स्वतःच्या उताराने शेतात किंवा गावात येते आणि वर ऊन तापले तरी वाटेत आटत नाही. इराणातल्या अशा बांधकामांना २०१६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतले. पण त्यासाठी इराणला जायला नको. छत्रपती संभाजीनगरची नहर-ए-अंबरी याच जातीची. सतराव्या शतकात मलिक अंबरने खडकी वसवली तेव्हा तिला पाणी पुरवण्यासाठी ती बांधली. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा तसाच. आणि बंगळूर ज्या राज्याची राजधानी आहे त्याच राज्याच्या उत्तर टोकाला, बीदरला, बहामनी काळातले करेज, म्हणजे असेच पाण्याचे बोगदे, आहेत. तिथले लोक त्यांना सुरंग बावी म्हणतात. तलाव बुजवून वसाहती उठवलेल्या आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या बंगळूरकराने या एका शब्दापाशी जरा जास्त रेंगाळावे म्हणून त्याच्या नोंदीला अख्खे पान दिले आहे. खेळात त्याचे गुण फार नाहीत.

कव्वाली आणि कौल एकाच मूळचे, हेही इथेच सांगतो. कौल म्हणजे बोललेले, दिलेला शब्द. म्हणून मतदारांचा कौल, जुन्या कागदांतला कौलनामा, आणि त्या शब्दांना गाऊन फिरवणारे ते कव्वाल.

काफचे शब्द संपले की बाकीचे शब्द विखुरलेले आहेत, त्यांच्यात नाते नाही. चिनी क्यूचा अरबीशी काही संबंध नाही. १९५८ मध्ये चीनने पिनयिन ही रोमन लेखनपद्धत स्वीकारली आणि तिच्यात क्यू हे अक्षर च सारख्या आवाजाला दिले. म्हणून क्यू-आय याचा उच्चार ची, अर्थ प्राण, जीवनशक्ती. अमेरिकी स्क्रॅबलच्या यादीत तो २००६ मध्ये आला आणि अडकलेल्या क्यूची निम्मी भीती गेली; दोन अक्षरांत साधे अकरा गुण. ध्रुवाकडच्या इनुइट लोकांचा क्यू मात्र अरबीसारखाच पडजिभेचा आहे, केवळ योगायोगाने. कस्तुरी बैलाच्या अंगावरची मऊ लोकर, कातड्याची होडी, असे त्यांचे शब्द. झुलू भाषेत क्यू म्हणजे जीभ टाळूला लावून सोडताना होणारा टक असा आवाज. दक्षिण आफ्रिकेतल्या एका संगीतप्रकाराच्या नावात तो आहे, आणि त्याच शब्दाचा अर्थ मक्याची घट्ट पेजही होतो. फिजीत क्यूचा उच्चार ंग. अल्बानियात तो नाण्याच्या नावात येतो. एकाच अक्षराकडून जगाने इतकी कामे करून घेतली, आणि इंग्रजांनी त्याला यूशिवाय घराबाहेर पडू दिले नाही.

बंगळुरात क्यू एकटा हिंडताना रोज दिसतो, पण तो यादीत घेता येत नाही. शहाळेवाल्याच्या गाडीवर क्यूआर कोड लटकतो. ती आद्याक्षरे आहेत, १९९४ मध्ये जपानात तयार झालेल्या चौकोनाची, आणि त्यातल्या क्विकमध्ये यू आहेच. २०२२ पासून क्वांटासची विमाने इथून सिडनीला उडतात. ते नाव क्वीन्सलंड आणि नॉर्दर्न टेरिटरी एरियल सर्व्हिसेस यांच्या आद्याक्षरांचे. इराक आणि कतार विशेषनामे म्हणून बाद. अल-कायदाही बाद, जरी त्यातला कायदा आणि आपल्या पुस्तकातला कायदा हा एकच शब्द असला तरी. मूळ अर्थ पाया. क्वर्टी मात्र आत आहे. टंकलेखन यंत्राच्या वरच्या रांगेतली पहिली सहा अक्षरे, १८७० च्या दशकात अमेरिकेत शोल्सने बसवलेली, आता स्वतःच शब्द झाली आहेत. या शहराचे पोट ज्या पट्टीवर चालते तिचे नाव आत घ्यायला मला आनंदच झाला.

एक प्रश्न उरतो, आणि तो खेळाडूच विचारतात. अर्थ कशाला? स्पर्धेत वापरतात ती कॉलिन्सची जाडजूड यादी नुसत्या शब्दांची असते, अर्थ एकाचाही नाही. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्‌सने २००७ ची जागतिक स्पर्धा मुंबईत जिंकली. पुढे २०१५ मध्ये त्याने फ्रेंच स्क्रॅबलचे विजेतेपद मिळवले आणि २०२४ मध्ये स्पॅनिशचे. या दोन्ही भाषा त्याला बोलता येत नाहीत. त्याला शब्द म्हणजे अक्षरांची मांडणी. ती देणगी थक्क करणारी आहे, मी तिला कमी लेखत नाही. पण माझी वृत्ती दुसरी. याच बंगळुरात जी. वेंकटसुब्बय्या १०७ वर्षे जगून २०२१ मध्ये गेले. कन्नडचा मोठा कोश उभारणारा हा माणूस प्रजावाणी या दैनिकाच्या इगो कन्नड या सदरात वाचकांच्या शब्दांविषयीच्या शंकांना उत्तरे देत असे. शब्द कुठून आला, कोण वापरते, गावाकडे त्याला काय म्हणतात, हे सांगण्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. मी त्या पंगतीत बसणारा नाही, पण वाढप त्यांच्यासारखे असावे असा प्रयत्न केला आहे.

मांडणीविषयी. शब्द वर्णानुक्रमे लावलेले नाहीत, मुळाप्रमाणे लावले आहेत: आधी अरबी-फारसीतून आलेले, मग हिब्रू, मग चिनी, मग उरलेले. प्रत्येक शब्दाचे स्पेलिंग अक्षरे सुटी करून देवनागरीत दिले आहे. उच्चार, अर्थ आणि मराठीत त्याचा कोणी भाऊबंद असेल तर तोही. एकाच शब्दाची तीन-चार स्पेलिंगे चालत असतील तर क्यूवाले आधी, बाकीची खाली बारीक टाइपात. कोणती यादी कुठल्या स्पर्धेत चालते हे दर काही वर्षांनी बदलते, तेव्हा स्पर्धेला जाणाऱ्यांनी ताजी यादी पाहूनच जावे. घरी खेळणाऱ्यांनी डाव सुरू होण्यापूर्वी कोणता कोश मानायचा ते ठरवून घ्यावे. तलाक चालतो की नाही यावर मी दोन सज्जन माणसांना आवाज चढवताना पाहिले आहे.

ज्यांना एवढे वाचायला वेळ नाही आणि समोर क्यू अडकलेला आहे, त्यांच्यासाठी शेवटच्या पानावर दोन, तीन आणि चार अक्षरी शब्द वेगळे काढले आहेत. ते पान फाडून खिशात ठेवता येईल असे छापले आहे. डाव चालू असताना मात्र ते खिशातच राहू द्यावे.